पाणकराचा शब्द

मु. हेटी
४ जुलै १९५४

बाबा,

तुमच्या प्रेमिलाचा पाया पडून नमस्कार. हे पत्र मासळीवाल्या कलाबाईच्या टोपलीत सुक्या झिंग्यांखाली दडून येत आहे. वास आला तर नाक मुरडू नका. साऱ्या जन्मात तुम्हाला मासळीचं वावडं नव्हतं, आता म्हातारपणी नखरे नकोत.

परवा माझं हसं झालं, ते आधी सांगते. दुपारी मी चिमीला पाजत बसले होते. चुलीवर भात होता. नणंद चंदा विहिरीवर गेली होती, ती तिकडून एकदम ओरडली. तोच शब्द. पाण्याखाली गेलेल्याला सारी दुनिया जो शब्द लावते आणि तुमच्या सोनबोडीत नि आमच्या हेटीत जो कोणी तोंडातून काढत नाही, तो. बाबा, माझे पाय आपोआप हलले. पोरीला छातीशी धरलं आणि टेकडीच्या वाटेला लागले. मोहाच्या झाडापर्यंत पोचले तेव्हा मागून हसण्याचा आवाज आला. चंदाची घागर विहिरीत गेली होती, एवढंच!

"वहिनी, काऊन वं पळून राह्यली? घागर गेली, तू थोडीच गेली!" असं म्हणून चंदा पोट धरून हसत होती. चिमीचे बाबाही हसले. मामाजी हसले नाहीत, पण चंदाला रागावलेही नाहीत. "आता कोन पाळते ते?" असं पुटपुटत धानाच्या बांधीकडे निघून गेले.

लहानपणी मी सूर्याबद्दल तो शब्द वापरला म्हणून तुम्ही पाठीत धपाटा घातला होता. सूर्य टेकला म्हण, शाळेचा दिवस गेला म्हण, माणूस पाण्यानं नेला म्हण. इतकं घोटून घेतलंत की अजून माझी जीभ त्या बाजूला वळत नाही. इथे मात्र चिमीच्या बापासकट सगळे हसतात. मी वेडी आहे की हे लोक विसरले?

भात करपला तो करपलाच.

तुमची प्रेमिला

सोनबोडी
११ जुलै

लटारू पाणकराच्या एकुलत्या पोरीला आशीर्वाद आणि नातीला दोन मुके.

तू वेडी नाहीस. पळालीस हे बरोबर केलंस, आणि मोहाच्या झाडापाशी थांबलीस हे चूक केलंस. शब्द ऐकला की थांबायचं नसतं आणि विचारायचंही नसतं. आग लागली म्हटलं की माणूस "कुठे" म्हणून विचारतो. या शब्दाला कुठे नाही, केव्हा नाही. लेकरू उचलायचं आणि टेकडी गाठायची.

चंदाला ठाऊक नसेल तर तिला बसवून सांग. सोनबोडी उंचावर आहे, आम्हाला तलावाचं भय नाही. हेटी तलावाच्या मातीच्या पाळीखाली आहे. पाळीचा भरवसा उरला नाही की तिच्या पोटातली पाण्याची मोरी, तुडूम, पुरतं उघडून तलाव रिता करावा लागतो. ते पाणी हेटीच्या बांध्या खातं आणि घरांच्या ओट्यांना लागतं. म्हणून आधी माणसं वर गेली पाहिजेत, मगच तुडूम. तलावाचं पाणी सांभाळणारा तो पाणकर, आणि पाणकराच्या घरच्या माणसानं हेटीत उभं राहून तो शब्द तीनदा म्हणायचा, अशी रीत माझ्या आज्याच्याही आधीपासून आहे. एका माणसानं जन्मात एकदाच म्हणायचा. दुसऱ्यांदा म्हणणाऱ्याचं कोणी ऐकत नाही, म्हणून दुसऱ्यांदा म्हणायचाच नाही.

माझी खेप होऊन गेली, तू तेव्हा परकर नेसत होतीस. हेटी टेकडीवर गेली, मी तुडूम उघडलं, आणि पाळ काही गेली नाही. बांध्या गाळाखाली गेल्या, हेटीनं ते वर्ष कोदो खाऊन काढलं. तुझा सासरा मनसाराम त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. तुला सून करून घेतली ती त्याच्या इसरूनं तुझ्यासाठी जेवण सोडलं म्हणून.

आता कामाचं. पाळीच्या पायथ्याला, तुडुमाच्या उजव्या अंगाला झिरपा लागला आहे. पाणी नितळ आहे. नितळ आहे तोवर भ्यायचं कारण नाही. गढूळ आलं तर पाळीची माती पोटातून वाहू लागली असं समजायचं. मालगुजारी होती तेव्हा वैशाखात घरटी दहा टोपल्या माती पाळीवर पडायची. आता तलाव सरकारचा झाला, तर कोणी मूठभर टाकत नाही. पाणी हेटीच्या बांध्यांचं आहे आणि हेटी तुझ्या सासऱ्याच्या सल्ल्यानं चालते, म्हणून त्याला विचारावं लागतं. हळूहळू सोडून दोन हात पाणी कमी करू का? धानाच्या रोवण्याला पुरून उरेल. तूच विचार, माझं नाव खाली ठेव.

लटारू

मु. हेटी
१८ जुलै

बाबा,

नाव कितीही खाली ठेवलं तरी ते वर आलंच. मी मामाजींना जेवण वाढताना विचारलं. पाऊस आठ दिवस दडी मारून बसला आहे, पऱ्ह्यांतली धानाची रोपं पिवळी पडू लागली आहेत, आणि मी म्हणते पाणी सोडा! त्यांनी ताट सारलं.

"तुह्या बापानं एक खेप आमच्या बांध्या मातीत घातल्या. मी कोदो खाल्ला, लेकरायले मोहफुलं उकडून घातले. आता आणिक दोन हात पाणी सोडू म्हंते! तलाव सरकारचा हाय, लटारूले कोन इचारते?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन एक ध्यानात ठेव पोरी. या घरातून कोनी तो शब्द काढला, त तिनं आपल्या बापाघरची वाट धरावी. नात इथीच राहीन."

बाबा, ते वाईट नाहीत. सासूबाई गेल्यापासून मला कधी उणं बोलले नाहीत, चिमीला खांद्यावर घेऊन साऱ्या गावात मिरवतात. म्हणूनच भीती वाटली. जो माणूस ओरडून बोलतो तो विसरतो, हे हळू बोलले.

चिमीचे बाबा बाजूलाच होते. त्यांनी भाताचं शीत न शीत वेचून खाल्लं, वर पाहिलं नाही.

तुम्ही पत्रात एक गोष्ट लिहायची टाळली आहे, ती मीच विचारते. तुमची खेप झाली. तुम्हाला मुलगा नाही. मग आता तो शब्द कोणाचा?

प्रेमिला

सोनबोडी
२५ जुलै

चि. प्रेमिला,

कलाबाई दारात खोळंबली आहे, तिला बाजार गाठायचा आहे. थोडक्यात लिहितो.

तो तुझा होता. लग्न झालं, गाव बदललं, तरी तुझाच राहिला असता. पण आज मी तो तुझ्याकडून परत घेतला. लटारूच्या घराचा शब्द लटारूबरोबर संपला, असं समज आणि सुखानं नांद. मनसाराम म्हणतो ते खरं आहे, तलाव सरकारचा, मग काळजीही सरकारची.

झिरपा आता जवळजवळ थांबला आहे. माझा गुडघाही बरा आहे. पाऊस लागला, रोवणा जोरात होऊ दे. चिमीला बांधीवर नेलंस तर झोळी उंच बांध, खाली लाल मुंग्या असतात.

तू लहानपणी पाळीवर बसून पाय पाण्यात सोडायचीस आणि मासे तुझी बोटं टोचायचे, ते आज आठवलं. उगाच आठवलं.

लटारू

मु. हेटी
१ ऑगस्ट

बाबा,

तुम्ही खोटं लिहिता, आणि तुम्हाला ते नीट येतही नाही. झिरपा थांबला म्हणता, गुडघा बरा म्हणता, आणि मग पाळीवरचे मासे आठवतात! मी कलाबाईला ओट्यावर बसवून चहा पाजला आणि विचारलं. ती आधी टोपली सावरत बसली, मग म्हणाली, "तुहा बाप पाळीवरच राह्यते वं. घरची चूल पेटत नाई. एकटाच टोपल्या वाहून राह्यला मातीच्या, मले पाहून म्हंते, पोरीले नोको सांगू. आता तूच इचारलं, त मी का करू?"

पाच दिवस पावसाची झड लागून आहे. इथे सगळे खूश आहेत. बांध्या भरल्या, अर्धा रोवणा आटोपला, बाया गाणी म्हणतात. मीही त्यांच्याबरोबर वाकते, रोप चिखलात खोचते आणि दर ओळीला मान वर करून तुमच्या पाळीकडे पाहते. पावसात नुसता काळा पट्टा दिसतो.

मी तुम्हाला खरं सांगते, मग तुम्हीही सांगा. मला फार भीती वाटते. पाण्याची नाही. मामाजींनी ते हळू आवाजात सांगितलं त्याची. चिमीशिवाय मी चार दिवस काढू शकणार नाही. तिला माझ्या अंगावरचं दूध लागतं, झोपेत माझं बोट लागतं. तुम्हाला हे ठाऊक आहे, म्हणूनच तुम्ही शब्द परत घेतल्याचं सोंग करता. असा परत घेता येतो का तो? रीत तुम्हीच शिकवलीत.

कधी वाटतं, काही झालं तरी तुम्ही मला कळवूच नये. मग मला काही ठाऊक नव्हतं असं म्हणता येईल. पण खाली चिमी आहे, चंदा आहे, हे आहेत, मामाजी आहेत. कळवा, बाबा. पाणी नितळ आहे की गढूळ, एवढंच लिहा.

प्रेमिला

पाळीवरून
५ ऑगस्ट, सकाळ

प्रेमिला,

आज बाजार नाही. कलाबाईला मुद्दाम धाडतो आहे. नाल्याला धार आहे, तरी ती आपली होडी, डोंगा, पाण्यात घालते म्हणाली.

पाणी पहाटेपासून गढूळ आहे. उजव्या अंगाला पाळ वीतभर खचली. मी टाकलेली माती पाण्यानं दोन घटकांत गिळली. सांडवा पूर्ण वाहतो आहे तरी तलाव उतरत नाही आणि वरून पाऊस चालूच आहे.

मी स्वतः आलो असतो, पण माझ्या तोंडच्या शब्दाला आता मोल नाही, आणि तुडुमापाशी कोणीतरी हवं. तोंडानं म्हणायचा माझा हक्क संपला. लिहायची बंदी कोणी घातलेली नाही. जन्मात पहिल्यांदा लिहितो.

बुडालो. बुडालो. बुडालो.

आता हा तुझा. मी टेकडीकडे डोळे लावून बसलो आहे. वर लुगडी दिसली की तुडूम उघडतो. दिसली नाहीत तर उघडणार नाही, कारण मग ते पाणी मीच तुमच्या अंगावर सोडल्यासारखं होईल. पाळ जाईल तेव्हा मी पाळीवरच असेन.

पोरी, तुझ्या भरल्या घराला मीच हात लावतो आहे. मला माफ करू नकोस. पण म्हण.

बाप

मु. हेटी
८ ऑगस्ट

बाबा,

तुम्ही टेकडीवर लुगडी पाहिलीत आणि तुडूम उघडलंत, तेव्हा मी म्हटलं हे तुम्हाला कळलंच आहे. कसं म्हटलं ते कळलं नसेल.

आम्ही बांधीत होतो. कलाबाई धुऱ्याच्या बांधावरून आली, तिच्या डोक्यावर टोपली नव्हती, तेव्हाच मी हातातली रोपं खाली ठेवली. तिनं चिठ्ठी हातात दिली. चिखलाच्या हातानं मी ती उघडली. तो शब्द कागदावर कधी पाहिला नव्हता. तुमच्या हातचा, तीनदा.

चिमी पळसाला बांधलेल्या झोळीत झोपली होती. मामाजी धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या पेंढ्या टाकत होते. मी तोंड उघडलं. पहिल्यांदा जो आवाज निघाला तो खोकल्यासारखा. चंदा मान वर करून हसली, "आता कोनाची घागर गेली वं?" दुसऱ्यांदा मी मोठ्यानं म्हटलं. बायांचं गाणं थांबलं. तिसऱ्यांदा मी मामाजींकडे पाहून म्हटलं, सगळा जोर लावून, "बुडालो!"

कोणी हललं नाही. सगळे मामाजींकडे पाहत होते. ते माझ्याकडे पाहत होते, हातात पेंढी तशीच. बाबा, त्यांच्या डोळ्यांत इतका राग होता की मला वाटलं ती पेंढी आता माझ्या तोंडावर येणार. त्यांनी ती खाली टाकली. पळसापाशी गेले, झोळीतून चिमीला उचलून खांद्यावर टाकलं आणि टेकडीची वाट धरली. काऊन म्हटलं नाही, कुठे म्हटलं नाही, मागे वळून पाहिलं नाही. ते निघाले तशी सारी हेटी निघाली. चंदा तर रडतच पळाली. हे गावात जाऊन घरोघरच्या म्हाताऱ्यांना पाठीवर घालून वर आणत होते.

मग पाणी आलं. आमच्या डोळ्यांदेखत लाल गढूळ पाणी एकेक बांधी गिळत आलं. आम्ही खोचलेली रोपं मुळासकट वर येऊन तरंगू लागली. ओट्यांना पाणी लागलं, गोठ्यांत शिरलं. आणि पाळ जागच्या जागी राहिली.

काल खाली उतरलो. घरं उभी आहेत. बांध्यांत गुडघाभर गाळ आहे, या वर्षी आता धान नाही. लोक मला पाहून वाट बदलतात. मामाजी माझ्याशी बोललेले नाहीत. चिमीला फक्त पाजायला माझ्याकडे देतात आणि लगेच घेऊन जातात. वाट धर असं अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी वाटतं, आज सांगतील. मी लुगड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं आहे, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध नको.

एकच सांगा. आपण तुडूम उघडलं नसतं तर पाळ गेली असती का?

प्रेमिला

सोनबोडी
१५ ऑगस्ट

माझ्या पोरी,

ठाऊक नाही.

तू जन्मभराचा आधार मागितलास आणि मी हे उत्तर देतो आहे. पण तुला आणखी एकदा खोटं लिहिणार नाही. मागच्या खेपेलाही मला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून रोज पाळीवर चढलो की तोच विचार, गेली असती की नसती? तुडूम उघडलं म्हणून राहिली, की राहणारच होती? हे सांगणारं कोणी नाही. पाळ गेली असती तर मी खरा ठरलो असतो, आणि तसा खरा ठरण्यापेक्षा मी खोटाच बरा.

नाला उतरला की मी हेटीला येतो. मनसारामाच्या दारात बसतो. त्यानं मला जोडे मारावे, शिव्या घालाव्या, पण मायलेकीची ताटातूट करू नये, एवढं मागतो. नाहीच ऐकलं तर तुला घेऊन जाईन, चूल पेटवीन. आईविना तुला वाढवलंच होतं. पण चिमी तिथे राहिली तर तुझं काय करू, हे मला कळत नाही.

लटारू

मु. हेटी
२२ ऑगस्ट

बाबा,

जोडे खायला येऊ नका. या, पण दुसऱ्या कामासाठी. काय झालं ते ऐका.

परवा हेटीतले बापे आमच्या ओट्यावर जमले. मी दाराआड उभी होते. ते मामाजींना म्हणत होते, "पाळ त गेली नाई. लटारूच्या घरानं दुसऱ्या खेपेस फसवलं आपल्याले. तुमच्या सुनेनंच केलं हे. आता तुमी का करता, सांगा."

मामाजी चिमीला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी तिचं झबलं सारखं केलं. मी आतून गाठोडं उचललंही होतं. मग ते म्हणाले, "सुनेनं म्हटलं, पन पाय कोनाचे उठले? आधी माहे उठले. मग माहा बी न्याय करा."

कोणीतरी म्हणालं, पण फुटली असती का ते तरी सांगा.

तर बाबा, मामाजी म्हणाले, "फुटली असती का नसती, हे आपून ओट्यावर बसून इचारून राह्यलो ना? म्हंजे जित्ते आहो. मेलेले इचारत नाई. कोदो खाऊ. मी पयलेबी खाल्ला हाय, मरत नाई मानूस."

मी दाराआड खाली बसले आणि पदर तोंडात धरून रडले. गाठोडं हातातून सुटलं, तो आवाज त्यांनी ऐकला असावा. ओटा रिकामा झाल्यावर आत आले, गाठोड्याकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "हे कपडे वर वाळत घाल, ओल लागली असंन. आन तुह्या बापाले लिही, नाला उतरला का हेटीतून घरटी टोपल्या येते. माती कुठी टाकाची ते त्यानं दाखवावं. मी येतो. बोलनार नाई त्याच्याशी, पन येतो." एवढं म्हणून चिमीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि बाहेर गेले.

तेव्हा पाळीवर या. तुमच्याशी न बोलणारा माणूस डोक्यावर टोपली घेऊन येतो आहे, त्याला आधी पाणी विचारा.

काल चंदाची घागर पुन्हा विहिरीत गेली. पोरीचं लक्ष कुठे असतं कोण जाणे. तोंड उघडलं, मग जीभ चावली, आणि ओरडली, "वहिनी, माही घागर पाण्यानं नेली वं!" सारे हसले. हे हसले, मीही हसले, मामाजीसुद्धा मिशीत हसले.

चिमी आता बोलण्याच्या बेतात आहे. मा, बा, असं काहीतरी चाललेलं असतं. तुमचा शब्द सरला, माझाही सरला, आता तो तिचा. मामाजी तिला रोज मांडीवर घेऊन गाय म्हण, मोर म्हण, आजा म्हण असं शिकवतात, आणि अंगणात कोणी मोठ्यानं बोलू लागलं की हळूच तिच्या दोन्ही कानांवर हात ठेवतात.

तुमची प्रेमिला